ऐब, हराम, गुन्हा: नागपुरात समलिंगी पुरुषानं घर, धर्म आणि स्वतःला एकत्र कसं सांभाळावं

अरब घरांत पोरगं वावगं वागलं की आई दोनपैकी एक शब्द काढते, 'ऐब' नाहीतर 'हराम'. ऐब म्हणजे चारचौघांत वाईट दिसणारं, आणि हराम म्हणजे धर्मानं मना केलेलं. वडीलधाऱ्यांसमोर तळवे दाखवत पाय पसरून बसणं हा ऐब झाला, हराम नाही. व्याज खाणं हराम, पण ते खाणाऱ्याला लग्नात पहिल्या पंगतीत बसवतातच. बैरूत, अम्मान, कैरोमधले समलिंगी पुरुष घर आणि श्रद्धा न सोडता जगायचं बघतात, तेव्हा हे दोन शब्द वेगळे करण्यापासूनच सुरुवात करावी लागते. विरोध करणारे दोन्ही शब्द एका श्वासात उच्चारतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सगळा देवच आपल्या विरोधात उभा आहे.

हे दोन्ही शब्द मराठीनं कधीच आपलेसे केले आहेत. तिसरा 'गुन्हा', तो फारसीतून आला. फारसीत गुनाह म्हणजे पाप. आपल्याकडे तो पोलीस स्टेशनात दाखल होतो. पाप, कायदा आणि लोकलाज यांची सरमिसळ किती जुनी आहे ते या एका शब्दावरून कळतं.

पुढचं सगळं अठरा पूर्ण झालेल्या, नागपुरात घरच्यांबरोबर राहणाऱ्या आणि घर तोडायची इच्छा नसलेल्या पुरुषांसाठी आहे. मोमीनपुरा असो, इंदोरा, महाल की जरीपटका, पद्धत एकच. रकान्यांत भरायचा मजकूर तेवढा वेगळा.

तीन रकान्यांचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि उभ्या घड्या घालून त्याचे तीन भाग करा. वर लिहा: ऐब, हराम, गुन्हा. आता समलिंगी असण्याबद्दल किंवा लग्न न करण्याबद्दल आजवर कानावर पडलेली पंधरा-वीस वाक्यं आठवा. ती जशीच्या तशी लिहायची, बोलणाऱ्याच्या भाषेत, आणि पुढे कोण बोललं तेही. 'घरचे विरोधात आहेत' हे वाक्य नाही, तो तुमचा निष्कर्ष आहे. त्यानं काही कळत नाही. 'शर्माजीच्या पोराला दोन लेकरं झाली, तू काऊन असा?' हे वाक्य.

मग एकेक वाक्य रकान्यात टाका. 'लोक तोंडात शेण घालतील' हा सरळ ऐब. 'ये कौम-ए-लूत का काम है' (लूत पैगंबरांच्या लोकांचं काम) हे हराममध्ये. 'पोलीस धरून नेतील' हे गुन्ह्यात. खरी गंमत मधल्या वाक्यांत आहे. 'बाबासाहेबांच्या लेकरानं असं करावं?' हे धर्माचं वाटतं, पण नीट पाहा, त्यात धम्माचा एक शब्द नाही. वस्तीत मान खाली जाईल ही भीती आहे. 'माझ्यानंतर महालक्ष्म्या कोण बसवेल?' हेही तसंच. हा प्रश्न लक्ष्मीचा नाही, सुनेचा आहे. बहुतेकांचा पहिला रकाना खालपर्यंत भरतो, दुसऱ्यात दोन-चार वाक्यं येतात आणि तिसरा जवळपास रिकामा राहतो. एवढं डोळ्यांनी दिसलं तरी अर्धा तास सत्कारणी लागला.

दोन चुका नेहमी होतात. एक, हा कागद फोनच्या नोट्समध्ये लिहिणं. बहिणीचा टॅब आणि तुमचा फोन एकाच गुगल खात्यावर असतील तर ती नोट तिथेही उघडू शकते. दुसरी, कागद पुस्तकात ठेवून विसरणं. काम झालं की फाडा आणि फ्लश करा.

गुन्ह्याचा रकाना: आधी हा निकाली काढा

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला: सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीनं ठेवलेला समलिंगी संबंध गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुन्या दंडसंहितेतल्या कलम ३७७ च्या, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाच्या, जागी काहीच नाही. त्यामुळे 'तीनशे सत्त्याहत्तर लावीन' असं कोणी धमकावलं तर शांतपणे विचारा, 'नवीन संहितेतलं कलम कोणतं?' उत्तर मिळणार नाही.

लग्नाला मात्र मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं तो प्रश्न संसदेकडे सोडला. जोडीदाराबरोबर बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे लक्षात ठेवा. घर, प्लॉट, पैसा त्याला द्यायचा तर मृत्युपत्रच करावं लागतं.

घरच्यांनी कोंडून ठेवलं किंवा बळजबरीनं गावाला नेलं, तर तुमच्या वतीनं मित्रालाही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करता येते. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हेल्पलाईन १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला ही मदत उत्पन्नाची अट न लावता फुकट मिळते. हा नंबर मित्राकडेही असू द्या, कारण कोंडलेल्या माणसाचा फोन सगळ्यात आधी काढून घेतात.

हरामचा रकाना: वाद जिंकायचा नाही, आपलं उत्तर शोधायचं

मुसलमान घरातल्या पोरांची पहिली धाव मौलानांकडे किंवा यूट्यूबकडे जाते. 'हराम आहे का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येणार हे आधीच ठरलेलं आहे. त्यासाठी प्रश्न वाया घालवू नका. त्यापेक्षा काय कुठे लिहिलं आहे ते सुटं करून पाहा. लूत पैगंबरांची कथा कुरआनात अअराफ, हूद, शुअरा अशा अनेक सूरहांत, म्हणजे अध्यायांत, येते. पारंपरिक भाष्यकार त्या कथेतून पुरुषांमधल्या संबंधांचा निषेध वाचतात. अलीकडचे काही अभ्यासक तिच्यात पाहुण्यांवरची जबरदस्ती आणि लुटारूपणा वाचतात. दुसरा अर्थ अल्पमतातला आहे, पण तो मांडणारे श्रद्धावान मुसलमानच आहेत. या कृत्याला ठरावीक शिक्षा कुरआनात सांगितलेली नाही. ती हदीस (पैगंबरांची वचनं) आणि फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) यांतून आली आणि तिच्यावर इमामांमध्येच मतभेद झाले. इमाम अबू हनीफा यांनी ही 'हद्द', म्हणजे धर्मानं ठरवून दिलेली शिक्षा, धरली नाही, काझीच्या विवेकावर सोडली. नागपुरातले बहुसंख्य सुन्नी त्यांच्याच पंथाचे, हनफी आहेत, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

नातेवाईक फोन तपासू लागले की उपयोगी पडणारी आयत वेगळीच आहे, सूरह हुजुरातची बारावी. एकमेकांची टेहळणी करू नका, पाठीमागे निंदा करू नका, असं ती स्पष्ट सांगते. चाचांना ती ठाऊक असते. आवाज न चढवता तिची आठवण करून दिली तर ते निदान त्या संध्याकाळपुरते थांबतात.

अरब जगातल्या पुरुषांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे 'सत्र', झाकणं. स्वतःची चूक स्वतःच चव्हाट्यावर मांडणाऱ्याला हदीसमध्ये दोष दिला आहे आणि दुसऱ्याची झाकणाऱ्याची तारीफ केली आहे. तुम्ही याला चूक मानत नसाल, ठीक. पण घरच्यांसाठी ही भाषा ओळखीची आहे. युरोपातली पुस्तकं 'सगळ्यांना सांगा, मोकळे व्हा' म्हणतात. बैरूतचा माणूस बहिणीला सांगतो, आईला कळलेलं असतं, बापासमोर विषय निघत नाही. आणि ईदला सगळे एकत्र जेवतात. याला ढोंग म्हणायची घाई करू नका. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालते. ती मोडते एकाच ठिकाणी, लग्नाच्या. त्याबद्दल पुढे.

रोजे, जुम्मा, तरावीह, ताजबागच्या दर्ग्याला जाणं, यातलं जे तुम्हाला आधार देतं ते चालू ठेवा. 'मी असा आहे, मग नमाज कोणत्या तोंडानं पढू' म्हणून सगळं सोडून दिलेला माणूस दोन वर्षांत एकटा पडतो, कारण धर्माबरोबर मोहल्ला, दोस्त, इफ्तारसुद्धा सुटतं.

बौद्ध घरात गोष्ट सोपी असायला हवी, आणि ग्रंथाच्या पातळीवर ती आहेच. पंचशीलातलं तिसरं शील कामातल्या मिथ्याचाराबद्दल आहे. बावीस प्रतिज्ञांत व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. दोन्हींत समलिंगी असण्याचा उल्लेख नाही. फसवणूक आणि जबरदस्ती टाळा, असा त्याचा अर्थ धरला तर तो स्त्री-पुरुषांनाही तितकाच लागू होतो. घरात बोलायला याहून भक्कम आधार दोन आहेत. २०१८ च्या निकालात न्यायालयानं 'संविधानिक नैतिकता' हा विचार बाबासाहेबांकडून घेतला. लोकांना काय आवडतं यावर माणसाचे हक्क ठरत नाहीत, असा त्याचा रोख. दुसरं, १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलच्याही, कर्व्यांनी उत्तरं दिली होती. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, पण लैंगिक विषयावर बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे ही बाजू त्यांनी मांडली. 'बाबासाहेबांच्या लेकरानं असं करावं?' याला हे उत्तर पुरेसं आहे. फक्त ते सभेतल्यासारखं सुनावू नका. आजोबांच्या बाजूला बसून सांगा.

हिंदू घरात शास्त्रापेक्षा कुळाचाराचा पेच जास्त. शिखंडी, अर्धनारीनटेश्वर यांची उदाहरणं देणारे पुष्कळ. आईवर त्याचा परिणाम शून्य. तिला काळजी असते भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची. सोळा भाज्या कोण करेल, मुखवटे कोण काढेल, सवाष्ण म्हणून कोण बसेल. इथे युक्तिवाद नको, काम करा. दोन-तीन वर्षं आधीपासून मांडणी स्वतः शिका. कोठ्या कशा भरायच्या, साड्या कशा नेसवायच्या, ज्येष्ठा कोणती आणि कनिष्ठा कोणती, पुरणाला डाळ किती. 'कोण बसवेल'चं उत्तर तिला डोळ्यांसमोर दिसलं की निम्मा विरोध सैल होतो. उरलेला निम्मा नातवंडांचा असतो. त्याला युक्ती नाही.

ऐबचा रकाना: इथे खरा वेळ द्या

'समाज' म्हणजे कोण, हे नावानिशी लिहा. ढोबळ भीती दहा हजार लोकांची वाटते. यादी केली की अकरा निघतात. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मामा, परिचय मेळाव्याची स्मरणिका काढणारे काका, समोरच्या लेआउटमधली मावशी. यातल्या कोणाच्या हातात तुमचा पैसा, घर किंवा नोकरी आहे, त्यांच्यापुढे खूण करा. खुणा साधारण दोनच होतात. सांभाळायचं त्यांना. बाकीचे नुसते बोलतात.

सांगायचं ठरवलंच तर क्रम असा. आधी घराबाहेरचा एक माणूस, ज्याच्यावर तुमचं काहीच अवलंबून नाही. नागपुरात सारथी ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसोबत काम करते. तिथे बोलण्यापासून सुरुवात करता येते. मग भाऊ-बहीण किंवा मामे-चुलतभाऊ. मग आई. वडील सर्वात शेवटी, किंवा आईच्या मार्फत, किंवा कधीच नाही. ज्याच्या पैशावर शिक्षण चालू आहे त्याला शिक्षण संपेपर्यंत सांगू नये. यात भित्रेपणा काही नाही. फीचा हप्ता थांबला की पदवी अर्धवट राहते.

आईशी बोलण्याचा प्रसंग जरा जवळून पाहू, कारण तिथेच जास्त बिघडतं. वेळ आठवड्यातल्या साध्या दिवसाची, दुपारची. सणाच्या आधी नाही, घरात दुसऱ्याचं लग्न ठरत असताना नाही, वडिलांचं ऑपरेशन तोंडावर असताना तर नाहीच. त्या रात्री झोपायला दुसरी जागा आधीच ठरवून ठेवा, लागो न लागो. ती मेथी निवडत असेल तर समोर बसून तुम्हीही निवडा. हात कामात असले की डोळ्यांत बघावं लागत नाही, दोघांनाही सोपं जातं. वाक्य छोटं असू द्या: 'आई, मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही. मुलांबद्दल वाटतं. लहानपणापासून असंच आहे. म्हणून मी लग्नाला नाही म्हणतो.' उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरात: 'अम्मी, किसी लड़की की ज़िंदगी खराब नहीं करनी मुझे, इसलिए मना कर रहा हूँ.' एवढं बोलून गप्प बसा. पुढची पाच मिनिटं मोबाईलवर व्हिडिओ दाखवू नका, इंग्रजी शब्द काढू नका.

ती तीनपैकी एक प्रश्न नक्की विचारते. 'कोणी नाद लावला?' कोणी नाही. 'माझं काय चुकलं?' काही नाही. 'डॉक्टरला दाखवू का?' याला 'दाखव' म्हणायचं, पण डॉक्टर तुम्ही निवडायचा. ते पुढे येईल. ती रडेल. मग कदाचित म्हणेल, 'बाबांना सांगू नको.' हे नकार समजू नका. तिनं गुपित वाटून घेतलं आहे.

आता लग्न. टाळाटाळीची कारणं देऊ नका. प्रत्येक कारणाला मुदत असते: 'नोकरी लागू दे' नोकरी लागली की संपतं, 'ताईचं होऊ दे' तिच्या वरातीच्या दुसऱ्या दिवशी. तिशीच्या आसपास सगळ्या मुदती एकदम संपतात आणि मग तुम्हीच दिलेल्या शब्दांत तुम्हाला पकडतात. पहिल्यापासून एकच वाक्य धरा, 'मला लग्न करायचं नाही.' कारण सांगितलंच पाहिजे असं नाही. 'फक्त बायोडाटा तर देऊ' इथे तर मुळीच घसरू नका. बायोडाटा गेला की फोटो जातो, फोटोमागे पाहण्याचा कार्यक्रम, आणि चहा-पोहे झाल्यावर दिलेला नकार त्या मुलीच्या माथी बसतो. घरच्यांना खूश करायला लग्न करणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही कमी नाही, अरब देशांतही नाही. त्याची किंमत फेडते ती बायको, जिला कोणी विचारलेलंच नसतं. हा मार्ग सुचवणाऱ्या मित्राचं ऐकू नका, मग तो कितीही अनुभवी असो.

ऐब दुसऱ्या बाजूनंही चिकटतो. युरोपात राहणाऱ्या अरब समलिंगी पुरुषांची जुनी तक्रार आहे की तिथल्या गे वर्तुळात त्यांच्याकडून आधी धर्म सोडल्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे आडनाव मागतात. डेटिंग ॲपवर 'पूर्ण नाव?' हा दुसरा-तिसरा मेसेज असतो आणि आडनाव कळल्यावर संभाषण थंड पडतं. मुस्लिम नाव पाहून तर कधी सुरूच होत नाही. यावर खात्रीचा उपाय नाही. पण पहिल्या भेटीआधी आडनाव सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आणि विचारणाऱ्याचं आडनाव आधी मागा. त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. धरमपेठेत इंग्रजीत 'गे' म्हणवणारे आणि वस्तीत स्वतःला 'कोती' म्हणणारे बायकी वळणाचे पुरुष एकमेकांकडे ज्या नजरेनं बघतात तीही याच जातीची.

प्राईडच्या मिरवणुकीत जायचं असेल तर एवढंच: वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर पुढच्या बॅनरजवळ असतात. चेहरा छापून यायला नको असेल तर मास्क लावा आणि मधोमध चाला.

फोन आणि भेटी

नागपुरात अब्रू जाते ती बहुधा फोनमुळे. यूपीआयवर पन्नास रुपये पाठवले की समोरच्याला तुमचं बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. नंबर दिला की ट्रूकॉलर नाव सांगतो. म्हणून ओळख पक्की होईपर्यंत ॲपमधल्या चॅटवरच राहा. इन्स्टाग्रामवर आहे तोच फोटो ॲपवर टाकू नका. त्यावरून खातं शोधता येतं. ॲपमधलं अंतर दाखवणं बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' महिन्यातून एकदा बघा. घरच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप उघडं असल्याचं अनेकांना उशिरा कळतं.

पहिली भेट गर्दीच्या जागी, उजेडी. सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशन चांगलं. कॅमेरे आहेत, दोघांनाही निघून जायला सोपं. तिथून लगेच कोणाच्या गाडीवर बसून आउटर रिंग रोडकडे जाऊ नका. गाठून लुटण्याचे प्रकार अशाच निर्जन ठिकाणी होतात. डेबिट कार्ड घरी, खिशात पाचशेची नोट. यूपीआयची रोजची मर्यादा दोन हजारांवर आणा आणि ॲपला बोटाचा नाही, पिनचा लॉक लावा. बोट धरून दाबता येतं, पिन सांगायला तोंड उघडावं लागतं. एका मित्राला जागा आणि परतायची वेळ कळवून ठेवा.

ब्लॅकमेल झालंच तर पैसे देऊ नका. एकदा दिले की आकडा वाढतो, थांबत नाही. ब्लॉक करण्याआधी चॅट, नंबर, यूपीआय आयडी, प्रोफाइल यांचे स्क्रीनशॉट घ्या. घाबरून सगळं डिलीट करणं ही सर्वात महागात पडणारी चूक. पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा, म्हणजे समोरच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता राहते. खंडणी हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे. तक्रारीत स्वतःबद्दल सगळं सांगावं लागत नाही. 'ऑनलाइन ओळख झालेल्या व्यक्तीनं खाजगी व्हिडिओच्या आधारे पैसे मागितले' एवढं वाक्य खरंही आहे आणि पुरेसंही. मोहल्ल्यातल्या ठाण्यात ओळखीचे हवालदार असतील तर दुसऱ्या ठाण्यात जा. हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायला कायद्यानं ते बांधील आहेत. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच.

कागदपत्रांचा लिफाफा

भांडण व्हायच्या आधी करायचं हे काम लोक हमखास विसरतात. महाराष्ट्रात जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातले जुने पुरावे आणि वंशावळ लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेचा दाखला काकांच्या पेटीत असतो. एकदा घर तुटलं की ती पेटी उघडत नाही आणि प्रवेश किंवा नोकरी दोन्ही अडकतात. म्हणून वैधता आधी काढून घ्या. मग टीसी, मार्कशीट, आधार, पॅन, पासपोर्ट यांच्या मूळ प्रती एका लिफाफ्यात, आणि लिफाफा मित्राच्या घरी. त्याबरोबर स्वतःच्या एकट्याच्या नावचं बँक खातं आणि त्यात खोलीचं भाडं, डिपॉझिट धरून निदान तीन महिन्यांचा खर्च.

डॉक्टर

जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये 'बदलून देतो' छापाचे उपचार डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले. आईला घेऊन जाण्याआधी मनोविकारतज्ज्ञाला फोनवर विचारा: समलिंगी असणं तुम्ही आजार मानता का, माझं बोलणं घरच्यांना सांगाल का, औषध देणार असाल तर कशासाठी? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच फोन ठेवा. झोप उडाली, मरणाचे विचार यायला लागले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

एचआयव्हीची तपासणी मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत मोफत आणि गोपनीय होते. जोखमीचा संबंध घडला असेल तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे लागण टाळणारं औषध, सुरू व्हायला हवं, आणि मग सलग २८ दिवस. जितकं लवकर तितकं बरं. सोमवारची ओपीडी उघडण्याची वाट बघत बसू नका. माहितीसाठी एड्स हेल्पलाइन १०९७.

आखातात नोकरी लागली तर

विमानात बसलात की कागदाचा तिसरा रकाना भरतो. कुवेतच्या दंडसंहितेतल्या कलम १९३ खाली पुरुषांमधल्या राजीखुशीच्या संबंधाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सौदीत देहान्तापर्यंतची शिक्षा होऊ शकते. इराकनं एप्रिल २०२४ मध्ये कायदा करून १० ते १५ वर्षं ठरवली. बहरीननं १९७६ मध्ये आणि जॉर्डननं १९५१ मध्येच हे गुन्ह्यातून काढलं, पण सार्वजनिक नीतिमत्तेची कलमं तिथेही वापरली जातात. इजिप्तमध्ये थेट कलम नाही. १९६१ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यातला 'फुजूर', म्हणजे बदफैली, हा शब्द पोलीस वापरतात आणि डेटिंग ॲपवर खोटी खाती काढून माणसं पकडतात.

तेव्हा निघण्याआधी ॲप नुसतं लपवू नका, खातं बंद करून काढून टाका. चॅटचा बॅकअप, गॅलरीतले फोटो, 'रिसेंटली डिलीटेड' फोल्डर, सगळं. तिथे व्हीपीएन लावून ॲप चालवणं म्हणजे एकावर दुसरा गुन्हा होऊ शकतो. व्हिसाच्या मेडिकलमध्ये एचआयव्ही चाचणी असतेच आणि पॉझिटिव्ह आल्यास व्हिसा मिळत नाही. एजंटला पैसे भरण्याआधी मेडिकल कॉलेजमध्ये स्वतः तपासून घ्या. शिव्यांचा आणि सभ्य शब्दाचा फरकही माहीत असू द्या: अरबीत 'शाज़' म्हणजे विकृत, आणि 'मिथली' हा समलिंगीसाठीचा साधा, आदराचा शब्द. खोलीतला मलबारी किंवा मिसरी (इजिप्तचा) सहकारी यातला कोणता वापरतो, ते त्याच्यासमोर काही बोलण्याआधी ऐकून ठेवा.